सहावा प्रश्न विचारणारे डॉक्टर : बर्नार्दिनो रामाझिनी

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काय काय विचारतात, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. काय होतंय? कशामुळे झालं असेल? किती दिवस झाले? शौचाला साफ होते का? खाण्यात काय आलं? हे पाच प्रश्न आजचे नाहीत. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या नावाने चालत आलेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथांत ते जवळपास असेच सांगितले आहेत. त्यानंतर कितीतरी पिढ्यांचे डॉक्टर हेच पाच प्रश्न विचारत आले.

इटलीतल्या एका डॉक्टरांनी १७०० साली या पाचांत आणखी एका प्रश्नाची भर घातली. तुम्ही काम काय करता?

त्या डॉक्टरांचं नाव बर्नार्दिनो रामाझिनी. कामधंद्यामुळे होणाऱ्या आजारांच्या वैद्यकशास्त्राचे जनक म्हणून जगभर त्यांचं नाव घेतलं जातं. एवढा साधा प्रश्न आधी कुणाला कसा सुचला नाही, असं आज वाटेल. पण त्या काळी शिकलेले डॉक्टर जायचे ते सरदार-दरबाऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्या घरी. तिथे हा प्रश्न विचारायची गरजच पडत नसे. तो सुचायला आधी कुंभाराच्या, विणकराच्या, मैला उपसणाऱ्याच्या दारात जावं लागत होतं. रामाझिनी तिथे गेले.

कार्पी ते मोदेना

रामाझिनी यांचा जन्म १६३३ चा. उत्तर इटलीत मोदेना शहराजवळ कार्पी नावाचं गाव आहे, तिथला. शाळेचं शिक्षण गावातच जेझुइट पाद्र्यांकडे झालं. पुढे पार्मा विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकून १६५९ मध्ये पदवी घेतली. मग अनुभवासाठी रोम गाठलं आणि तिथून रोमच्या उत्तरेकडच्या कानिनो आणि मार्ता या छोट्या गावांत डॉक्टरकी सुरू केली.

तो भाग हिवतापाचा. तरुण डॉक्टर स्वतःच तापाने आडवे झाले आणि तब्येत सावरायला त्यांना कार्पीला परत यावं लागलं. गावात काही वर्षं प्रॅक्टिस केल्यावर १६७१ मध्ये त्यांनी मोदेनात बस्तान हलवलं. मोदेना म्हणजे तेव्हा एस्ते घराण्याच्या सरदारांची राजधानी.

बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरला मोठ्या शहरात जम बसवणं किती अवघड असतं, हे सांगायला नको. रामाझिनी यांनाही ते चुकलं नाही. एका उमराव घरातल्या बाईंचा बाळंतपणानंतर मृत्यू झाला. उपचार रामाझिनी यांचे होते. त्यावरून फ्लॉरेन्समधल्या एका नामवंत डॉक्टरांशी त्यांचा लेखी वाद पेटला आणि तो बराच गाजला. तरीही त्यांचं नाव होत गेलं. ड्यूक दुसरे फ्रान्सेस्को यांनी मोदेनाचं विद्यापीठ नव्याने उभं केलं, तेव्हा १६८२ मध्ये वैद्यकाच्या सैद्धांतिक विषयाचे प्राध्यापक म्हणून रामाझिनी यांची नेमणूक झाली.

आजार एकट्या माणसाच्या शरीरात शोधून भागत नाही, ही समज त्यांच्यात याच काळात पक्की झालेली दिसते. १६९० मध्ये मोदेनाच्या आसपासच्या खेड्यांत तापाची साथ आली. त्यावर त्यांनी जे लिहिलं, त्यात रोग्यांच्या लक्षणांबरोबर त्या वर्षीचं हवामान, पाणी आणि पीक यांचाही हिशेब मांडला. पुढच्या वर्षांतही साथींच्या अशाच नोंदी त्यांनी केल्या. मोदेनाच्या विहिरींवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं, हवेच्या दाबाचं निरीक्षण केलं. जर्मन तत्त्ववेत्ते आणि गणिती लायबनिट्झ यांच्याशी त्यांची ओळख झाली, पत्रव्यवहारही चालला. वर्षावर्षाच्या रोगराईची नोंद ठेवली पाहिजे, हे दोघांनाही पटलेलं होतं.

घरामागचा माणूस

ज्या पुस्तकामुळे रामाझिनी आजही ओळखले जातात, त्याची सुरुवात मात्र विद्यापीठात झाली नाही. ती झाली त्यांच्या स्वतःच्या घराच्या शौचकूपाजवळ.

मोदेना दाटीवाटीचं, उंच घरांचं शहर होतं. घराघरांतले मैल्याचे खड्डे दर तीन वर्षांनी उपसून घ्यायची तिथे पद्धत होती. रामाझिनी यांच्या घरी हे काम चाललं होतं. खड्ड्यात उतरलेला एक माणूस जिवाच्या आकांताने हात चालवत होता. त्याची दया येऊन रामाझिनी यांनी त्याला विचारलं, एवढी घाई कशाला, जरा दमाने का करत नाही? त्या माणसाने मान वर करून सांगितलं की या जागेत चार तासांपेक्षा जास्त राहणं म्हणजे काय, ते इथे उतरल्याशिवाय कळायचं नाही. जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात.

तो वर आल्यावर रामाझिनी यांनी त्याचे डोळे नीट तपासले. ते लालभडक झाले होते, नजर धूसर झाली होती. यावर तुम्ही लोक काय औषध करता, असं त्यांनी विचारलं. औषध काही नव्हतं. घरी जायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढंच. नंतर चौकशी केल्यावर रामाझिनी यांना कळलं की शहरात भीक मागणाऱ्या आंधळ्यांमध्ये पूर्वी हेच काम केलेली माणसं आहेत.

मैल्याच्या खड्ड्यात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू डोळ्यांना बाधतो, हे आज रसायनशास्त्राने सांगता येतं. रामाझिनी यांच्या वेळी या वायूचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पण विचारल्यामुळे त्यांना दोन गोष्टी कळल्या. हा आजार कुठून येतो ते खड्ड्यातल्या माणसाला पक्कं माहीत होतं. आणि ही माहिती एकाही वैद्यकीय पुस्तकात नव्हती.

त्यानंतर शहरातल्या एकेका धंद्याच्या जागी जायचा त्यांनी सपाटाच लावला. विद्यापीठाचा प्राध्यापक भट्टीवर, चामड्याच्या कुंडांजवळ, पिठाच्या गिरणीत जाऊन उभा राहतो, हे तेव्हाच्या रिवाजात बसणारं नव्हतं. हलक्या समजल्या जाणाऱ्या जागी पाऊल टाकण्यात त्यांना स्वतःला कमीपणा वाटला नाही, आणि इतर डॉक्टरांनीही तो मानू नये असं त्यांनी लिहून ठेवलं.

१७०० सालचं पुस्तक

कामकऱ्यांच्या आजारांवरचं त्यांचं लॅटिन पुस्तक ‘दे मॉर्बिस आर्तिफिकुम दियात्रिबा’ १७०० मध्ये मोदेनात छापलं गेलं. तेव्हा त्यांनी साठीचा निम्म्याहून जास्त पल्ला ओलांडला होता. पुस्तकात चाळीसहून अधिक धंद्यांची प्रकरणं आहेत. खाणकामगार, सोन्याचा मुलामा देणारे, कुंभार, काच आणि आरसे बनवणारे, रंगारी, लोहार, तेली, चामडं कमावणारे, तंबाखू कुटणारे, सुईणी, भटारी, धान्य चाळणारे, दगड फोडणारे, धोबिणी, मिठागरातले मजूर, शिंपी, चांभार, हमाल, शेतकरी, कोळी, शिपाई, गायक आणि पुस्तकात डोकं घालून बसणारे विद्वानसुद्धा.

मांडणी साधी आहे. आधी ते काम कसं चालतं, त्यात कोणता माल हाताळला जातो. मग ते करणाऱ्यांना काय काय होतं. शेवटी उपाय आणि घ्यायची काळजी. आजारांची मूळ कारणं त्यांनी दोन गटांत घातली. पहिला गट हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे धूळ, धूर, वाफा, पारा आणि शिसं. दुसरा गट शरीराच्या ठेवणीचा, म्हणजे तासन्‌तास उभं राहणं, एकाच जागी बसणं, वाकणं, अवजड ओझं उचलणं, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं. कामामुळे होणाऱ्या आजारांचा विचार आजही याच दोन अंगांनी सुरू होतो.

कुंभारांबद्दल त्यांनी लिहिलं की मडक्यांना चकाकी आणण्यासाठी ते शिसं दळतात आणि त्याची लुकण मडक्यांवर चढवतात. आधी त्यांचे हात कापू लागतात, मग लुळे पडतात. दात पडतात, चेहऱ्यावर प्रेतकळा येते. भटारी रात्रभर राबतात, गाव जागं होतं तेव्हा हे झोपायला जातात. पिठाची धूळ छातीत जाऊन खोकला आणि दमा मागे लागतो. धोबिणी ओल्यात उभ्या राहतात, क्षाराच्या पाण्याने त्यांच्या हातांना भेगा पडतात. शिंपी आणि चांभार वर्षानुवर्षं वाकून बसल्यामुळे कुबडे होतात. त्यांच्या सणाच्या दिवशी गावातून मिरवणूक निघाली की ती वाकलेली, लंगडणारी रांग पाहून आधी हसू यायचं, असंही त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

जोगिणींच्या मठांतही त्यांनी विचारपूस केली. लग्न न केलेल्या, मूल न झालेल्या या बायकांमध्ये स्तनांचा कर्करोग जास्त दिसतो, हे त्यांनी लिहिलं. त्याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण त्या काळचं होतं, पण निरीक्षण टिकलं. बाळंतपण आणि अंगावर पाजणं न झालेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो, हे विसाव्या शतकातल्या अभ्यासांनी दाखवून दिलं.

तिपाई आणि नाडी

रामाझिनी यांचा खरा कटाक्ष मात्र डॉक्टरने रोग्याजवळ कसं वागावं यावर होता. त्यांच्या काळचे बडे डॉक्टर घरात शिरले की लगेच नाडी धरत. रोग्याला धड काही विचारत नसत. उभ्या उभ्याच जगणं-मरण ठरवून निघून जात. रामाझिनी यांना हे अजिबात पसंत नव्हतं.

गरीब कष्टकऱ्याच्या घरी गेल्यावर डॉक्टरने काय करावं, ते त्यांनी बारकाईने सांगितलं. लगेच नाडी धरू नये. आधी बसावं. घरात सोनेरी खुर्ची नसणार, एखादी तीन पायांची तिपाई असेल. पण सोनेरी खुर्चीवर बसल्यासारखं निवांतपणे त्या तिपाईवर बसावं. चेहऱ्यावर घाई नको, आढ्यता नको. मग रोग्याशी बोलावं, शास्त्र काय सांगतं आणि माणुसकी काय सांगते, दोन्हींना धरून विचारपूस करावी. हिप्पोक्रेटिसचे पाच प्रश्न विचारावेत आणि त्यांच्यापुढे आणखी एक जोडावा : धंदा कोणता?

हा प्रश्न खरं तर कोणत्याही रोग्याला विचारायला हवा, पण साधी कामकरी माणसं समोर असताना तर तो चुकवूच नये, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण तो न विचारल्यामुळे औषध लागू पडत नाही, आणि तसं का होतं तेही डॉक्टरला कळत नाही. कुंभाराच्या थरथरत्या हाताला दिलेलं औषध कितीही चांगलं असलं, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शिसंच दळणार.

आज याला रोगीकेंद्री पद्धत, समग्र विचारपूस अशी नावं आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तिचे धडे दिले जातात. तरी घाई गेलेली नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की रोगी बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. रामाझिनी यांची तिपाई एवढ्यासाठीच होती. बसलेल्या माणसाला मध्येच उठून जायची घाई जरा कमी असते.

जिथे प्रश्नाचं बळ संपलं

रामाझिनी यांना आपल्या मर्यादा ठाऊक होत्या. कष्टकऱ्याला काम सोड म्हणून सांगणं सोपं. पण सोडलं तर खायचं काय, याचं उत्तर डॉक्टरकडे नसतं. म्हणून ते लिहितात की अशा माणसाला लांबलचक उपचारांत अडकवू नये. जितकं लवकर उभं करता येईल तितकं करावं, कारण अंथरुणावर पडल्या पडल्या घरच्यांच्या उपाशी पोटाच्या काळजीनेच तो खंगत जातो. शेतकऱ्यांचं ऊठसूट रक्त काढायच्या प्रथेवरही त्यांनी टीका केली. आधीच घाम गाळून थकलेल्या शरीरातून आणखी रक्त काढलं, तर ताकद उरणार कुठून, असा त्यांचा सवाल होता.

त्यांचे उपाय आज वाचले तर काही बाळबोध वाटतात. मैला उपसणाऱ्यांना त्यांनी जनावराच्या मूत्राशयाची पारदर्शक पिशवी तोंडावर बांधायला सांगितलं. धुळीत काम करणाऱ्यांना तोंड झाकायला, अंग धुवायला, कपडे बदलायला सांगितलं. एकाच जागी बसणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवा म्हणून सांगितलं. जुलाब, काढे, रक्त काढणं ही त्यांच्या काळची औषधं तेही देत होते. शरीरातल्या रसांचा तोल बिघडला की रोग होतो, हा जुना सिद्धांत त्यांनीही सोडलेला नव्हता.

आणि एक गोष्ट तर डॉक्टरच्या हातात मुळीच नव्हती. मोदेनाच्या राज्यात फिनाले नावाचं गाव होतं. तिथे मोदेनाच्या एका व्यापाऱ्याचा पाऱ्याचं रसायन बनवायचा मोठा कारखाना होता. भट्टीच्या धुराने आजूबाजूचे लोक आजारी पडतात, कारखाना गावाबाहेर हलवा, म्हणून गावातल्या एका नागरिकाने दावा लावला. त्याने डॉक्टरांचा दाखला आणला. चर्चमधली मृत्यूची नोंदवही आणली. त्या वस्तीत इतर भागांपेक्षा जास्त माणसं मरतात, छातीच्या रोगाने आणि खंगून मरतात, हे वहीतल्या नोंदींवरून मांडलं. व्यापाऱ्याच्या बाजूनेही जाणकार उभे राहिले. निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला. धूर निर्दोष सुटला.

रामाझिनी यांनी ही हकीकत पुस्तकात सगळी लिहिली. निकाल बरोबर की चूक, हे त्यांनी निसर्गाच्या जाणकारांवर सोडलं. पण नोंदवहीतले मृत्यू मोजून कारखान्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या गावकऱ्याचा दावा त्यांच्यामुळेच आज आपल्याला माहीत आहे.

पादुआ आणि हिशेबनिसाचा हात

पुस्तक निघालं त्याच १७०० साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने त्यांना पादुआ विद्यापीठात बोलावून घेतलं. पादुआ म्हणजे युरोपातलं वैद्यकाचं मोठं ठाणं. तिथे ते शेवटपर्यंत शिकवत राहिले. डोळे मात्र साथ सोडत गेले आणि म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. घरच्यांच्या मदतीने वाचन-लेखन चालू राहिलं. अध्यापनही सुटलं नाही. उलट पादुआतलं त्या विषयाचं पहिल्या मानाचं पद त्यांना मिळालं. १७११ च्या सुमारास त्या भागात गुराढोरांची मोठी साथ आली, तिच्यावरही त्यांनी लिहिलं. हिवतापावरची सिंकोनाची साल गुणकारी आहे हे त्यांना मान्य होतं, पण ती वाटेल त्या तापाला दिली जाते याला त्यांचा विरोध होता.

१७१३ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी आपल्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती काढली. तिच्यात १२ नवी प्रकरणं आली. छापखान्यातले कामगार, विणकर, तांबट, सुतार, वस्तरे परजणारे, विटा पाडणारे, विहीर खणणारे, खलाशी, साबण करणारे, आणि लेखनिक-कारकून.

हे कारकुनांचं प्रकरण आजच्या ऑफिसात बसणाऱ्या कुणालाही आपलंच वाटेल. कारकुनाच्या आजाराची त्यांनी तीन कारणं सांगितली. सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. यातलं तिसरं कारण एकही हत्यार हातात न धरता होणाऱ्या कामाचं आहे. बेरीज चुकली तर मालकाचं नुकसान आणि आपली बोलणी, या धास्तीलाही त्यांनी आजाराच्या कारणांत जागा दिली. त्यांच्या ओळखीच्या एका दस्तलेखकाची गोष्ट त्यांनी सांगितली आहे. आयुष्यभर लिहून लिहून त्याचा उजवा हात आधी दुखू लागला आणि मग पुरता लुळा पडला. हार न मानता तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डाव्या हातालाही तेच दुखणं लागलं.

पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, पक्षाघाताच्या झटक्याने रामाझिनी यांचं पादुआत निधन झालं. त्यांना ८१ वर्षांचं आयुष्य लाभलं.

मागे काय राहिलं

पुस्तक मात्र फिरत राहिलं. १७०५ मध्येच त्याचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये निघाला होता. १७७५ मध्ये इंग्लंडमधले सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीशी जोडून दाखवला. धंदा आणि कर्करोग यांचं नातं दाखवणाऱ्या सुरुवातीच्या नोंदींत ती गणली जाते. भारतात १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने शिशाची विषबाधा, सिलिकोसिस अशा आजारांची यादीच केली आणि असा रोगी आढळला तर कारखाने निरीक्षकांना कळवायची जबाबदारी डॉक्टरवर टाकली. हाताने मैला उचलायच्या कामावर बंदी घालून त्या माणसांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ चा. कार्पी या त्यांच्या जन्मगावी १९८२ मध्ये त्यांच्या नावाने शास्त्रज्ञांची एक संस्था स्थापन झाली, ती कामाच्या आणि परिसराच्या आजारांवर आजही काम करते.

रामाझिनी यांच्या प्रकरणांची यादी हातात घेऊन आपल्या सीमाभागातून फिरलं तर एकेक पान ओळखीचं निघतं. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बायका आहेत. तंबाखू दळणाऱ्या जागी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, सारख्या शिंका येतात, हे रामाझिनी यांनी लिहिलं. चक्कीला जुंपलेले घोडेसुद्धा माना झटकतात, खोकतात, फुरफुरतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. तंबाखूच्या ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, हे आता माहीत झालं आहे. शहापूर-वडगावचे विणकर, बेळगावच्या फाउंड्रीतले साच्याच्या वाळूत काम करणारे, खानापूरकडच्या वीटभट्ट्यांवरचे, अथणीचे चपला शिवणारे, गोव्याच्या खाणींवर राबलेले, असा प्रत्येकाचा धंदा त्या पुस्तकात कुठे ना कुठे आहे.

सीमाभागात आणखी एक अडचण असते. चंदगड-खानापूरकडचा माणूस कामाला गोव्यात असतो आणि दुखणं घेऊन गावाकडे येतो. धूळ एका राज्यात, खोकला दुसऱ्या राज्यात. दवाखान्यात कधी त्याची भाषा वेगळी, कधी डॉक्टरांची. केसपेपरवर धंद्याचा रकाना असलाच, तर त्यात मजुरी, नोकरी किंवा घरकाम एवढा एकच शब्द पडतो. मजुरी म्हणजे दगड फोडणं की भट्टीत विटा रचणं, घरकाम म्हणजे दुपारभर घरी विड्या वळणं की नुसता स्वयंपाक, हे त्या शब्दातून कळत नाही. मग खोकल्याचं औषध मिळतं, दोन दिवस बरं वाटतं, आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत जातो.

रामाझिनी यांच्याकडे ना एक्स-रे होता, ना रक्ताची तपासणी. तिपाईवर बसून विचारायचं आणि समोरचा सांगेल ते खरं धरून ऐकायचं, एवढंच त्यांनी केलं. त्यासाठी पैसे लागत नव्हते, आजही लागत नाहीत. डॉक्टरांनी सहावा प्रश्न विचारला तर उत्तमच. गर्दीत त्यांच्याकडून राहून गेला, तर रोग्यानेच सांगून टाकायला काय हरकत आहे? हाताला कोणतं काम आहे, किती वर्षांपासून आहे, त्यात धूळ, धूर, रसायन काय येतं, दिवसाचे किती तास उभं राहावं किंवा वाकावं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का. खड्ड्यातल्या त्या माणसाने मान वर करून सांगितलं, म्हणून तर मोदेनातल्या डॉक्टरांना कळलं.